गाडीचा विमा आहे, तो चालवणाऱ्याचा आहे का?

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो. आमची एक पिकअप आहे. भारासह तिचे एकूण वजन ३,००० किलोंच्या आत येते. आठवड्यातले काही दिवस वेर्णा आणि पिळर्ण औद्योगिक वसाहतींतला माल एका ट्रान्सपोर्टरमार्फत पोचवतो आणि उरलेले दिवस पहाटे चोर्ला घाटातून बेळगावची भाजी म्हापशाच्या बाजारात आणतो. कर्ज पत्नीच्या नावावर मिळाले म्हणून गाडीही तिच्याच नावावर आहे. ती गाडी चालवत नाही, तिच्याकडे लायसन्स नाही. भरणी-उतरणीसाठी गावातला एक मुलगा रोजंदारीवर माझ्याबरोबर असतो. गेल्या पावसाळ्यात साखळीत राहणाऱ्या माझ्या मित्राचा टेम्पो घाटात कलंडला. गाडीचा क्लेम पास झाला, पण फुटलेल्या टाइल्सचे १ लाख ४० हजार रुपये ट्रान्सपोर्टर त्याच्याकडे मागतो आहे आणि त्याचे मागील भाडेही त्याने अडवून ठेवले आहे. मित्राचा पाय मोडला, तो दोन महिने घरी बसला, त्याचे त्याला काहीही मिळाले नाही. माझा एजंट म्हणतो, ‘तुमचा फुल इन्शुरन्स आहे, काळजी नको.’ माझ्या विम्यात माल येतो का? मला काही झाले तर काय? त्या मुलाचे काय? माझ्या लायसन्सवर फक्त एलएमव्ही (हलके मोटार वाहन) आहे, त्यामुळे क्लेम नाकारतील असेही कोणी सांगतात, ते खरे का? आणि कर्ज फिटत आले आहे, तर पुढच्या वर्षी फक्त थर्ड पार्टी ठेवून पैसे वाचवावेत का?
– एक चालक, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे गाडी पत्नीच्या नावावर असून त्यांच्याकडे लायसन्स नाही. मालाबद्दलची आपली चिंता रास्त आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे, परंतु आपल्या घरावर खरे संकट कोसळू शकते ते या नोंदीमुळे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

गाडीच्या पॉलिसीचा मूळ कायदेशीर भाग हा इतरांसाठी असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला झालेल्या इजेची, मृत्यूची आणि मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई देतो. गाडीचा मालक त्यात ‘तिसरा’ ठरत नाही. मालकाने गाडी ज्याला चालवायला दिली त्यालाही न्यायालये बहुतेक वेळा मालकाच्याच जागी धरतात. समोरून कोणी धडकले आणि चूक त्याची असली, तर त्याच्या विमा कंपनीकडून आपल्याला भरपाई मागता येते. पण पावसात घाटाच्या वळणावर आपलीच गाडी घसरून कलंडली, तर मागायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतो. त्या प्रसंगासाठीच ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा’ पॉलिसीला जोडलेला असतो आणि २०१८ पासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये आहे.

आता आपली पॉलिसी बाहेर काढा आणि तिच्यातील हप्त्याचा तक्ता पाहा. तक्त्याच्या एका बाजूला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता असतो आणि दुसऱ्या बाजूला थर्ड पार्टीचा, आणि या दुसऱ्या बाजूलाच खाली ‘पीए ओनर ड्रायव्हर’ अशी एक ओळ छापलेली असते. त्या ओळीसमोर रक्कम असेल, तर तो हप्ता आपल्या पत्नीच्या नावाने भरला गेला आहे. हा विमा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, तोही स्वतःजवळ वैध लायसन्स असेल तरच मिळतो. मालकाकडे लायसन्स नसेल तर हे संरक्षण देताच येत नाही, असे मोटार विम्याचे नियमच सांगतात. म्हणजे ज्यांच्या नावाने हप्ता घेतला आहे त्या गाडी चालवत नाहीत आणि जे रोज घाट चढतात त्या आपल्याला या ओळीचा काहीही उपयोग नाही. एजंटने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. नूतनीकरण करताना मागच्या वर्षीची पॉलिसी जशीच्या तशी उतरवली जाते आणि आरसी बुकावरचे नाव कोणाचे व स्टिअरिंगवर कोण, हे कोणी विचारतच नाही. आपण मात्र विचारलेच पाहिजे.

यावर दोन मार्ग आहेत. गाडी आपल्या नावावर करून घेणे हा पहिला. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते, आणि कर्ज फिटतच आले असेल तर ते पूर्ण फेडून, नोंदणीवरील तारणाची नोंद काढून, मग हस्तांतर करणे सोपे जाईल. नाव बदलल्यावर पॉलिसीही लगेच आपल्या नावावर करून घ्यावी, कारण आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर अशा अवस्थेत गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. दुसरा मार्ग यापेक्षा तातडीचा आहे आणि पहिला मार्ग पूर्ण होईपर्यंत थांबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीशी संबंध नसलेली, आपल्या स्वतःच्या नावाची वैयक्तिक अपघात पॉलिसी आपण याच महिन्यात घ्यावी. अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात मालवाहू वाहनाचा चालक असेच लिहावे. ‘व्यापारी’ किंवा ‘स्वयंरोजगार’ असे मोघम लिहिल्याने हप्ता थोडा कमी होतो खरा, पण अपघातानंतर तेच कारण पुढे करून दावा फेटाळला जाऊ शकतो.

ही पॉलिसी निवडताना मृत्यूची रक्कम किती एवढेच पाहू नये, कारण आपल्या मित्राच्या बाबतीत जे घडले ते वेगळेच आहे. मालक-चालक विमा मृत्यू झाल्यास, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावल्यास, अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम देतो. एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास निम्मी देतो. मोडलेला आणि दोन-तीन महिन्यांत जुळून येणारा पाय या यादीत कुठेच नाही, आणि रुग्णालयाचे बिलही नाही. म्हणूनच त्याची गाडी दुरुस्त झाली आणि तो मात्र प्लास्टर घालून, गाडीचे हप्ते डोक्यावर घेऊन घरी बसला. उत्पन्न थांबले की कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे डिचोली, सत्तरी आणि सांग्यातल्या घरांना निराळे सांगायला नको. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांनी ते दाखवून दिले आहे. त्यामुळे वैयक्तिक अपघात पॉलिसीत ‘तात्पुरते पूर्ण अपंगत्व’ या नावाचा भाग आहे का, हे नक्की विचारावे. त्यात डॉक्टरांनी कामास असमर्थ ठरवलेल्या काळासाठी आठवड्याला ठराविक रक्कम मिळते, आणि आपल्यासारख्या एकट्याने गाडी चालवून घर चालवणाऱ्याला याच भागाची गरज सर्वाधिक पडते. आठवड्याची रक्कम ठरवताना गाडीचा मासिक हप्ता आणि घरखर्च मिळून जे होते त्याचा चौथा हिस्सा तरी धरावा.

त्याखेरीज बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आपण दोघांनीही घ्यावी. १८ ते ७० वयातील खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी तीत २ लाख रुपयांचे संरक्षण आहे. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेवावेत. उपचारांसाठी गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला तीत तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसे असल्यास ४ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण मिळते. तिचे कार्ड चालू आहे की मुदत संपून कपाटात पडले आहे, ते पाहून घ्या. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ च्या मे महिन्यात लागू केलेल्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात, आणि त्यासाठी गाडीचा विमा कोणता, हे आड येत नाही. चोर्ल्याच्या रस्त्यावर राज्याची हद्द बदलते आणि आपण अर्धा वेळ गोव्याबाहेर असता, म्हणून ही देशभर लागू असलेली योजना आपण आणि तो मुलगा, दोघांनीही ठाऊक करून घ्यावी. कुटुंबासाठी स्वतंत्र आरोग्य विमा घेणे परवडत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आता मालाकडे वळू. आपल्या गाडीच्या पॉलिसीत माल येत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर गाडीचे स्वतःचे नुकसानही धरणारी पॉलिसी, असली तरी येत नाही, आणि गाडीचा पूर्ण चुराडा होऊन क्लेम पास झाला तरी आतल्या खोक्यांचा एक रुपया त्यातून मिळत नाही. मोटार पॉलिसीच्या मालमत्तेच्या भागात दुसऱ्याच्या कुंपणाची, दुकानाची किंवा मोटारीची नुकसानभरपाई येते, आणि मालवाहू गाड्यांसाठी ती साधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत असते. पण आपल्या ताब्यात वाहतुकीसाठी दिलेला माल त्या भागातून वगळलेला असतो.

मालाचा विमा निराळा असतो आणि तो उतरवण्याची जागाही निराळी आहे. मालाचा मालक आपल्या मालासाठी वाहतूक विमा घेतो. त्यात आग, वीज, गाडीची धडक, गाडी उलटणे, पूल कोसळणे एवढ्याच ठराविक कारणांचा एक प्रकार असतो आणि बहुतेक सर्व अपघाती नुकसान धरणारा त्याहून व्यापक असा दुसरा. ट्रान्सपोर्टर स्वतःवर येणाऱ्या जबाबदारीसाठी वाहतूकदाराच्या कायदेशीर दायित्वाची पॉलिसी घेतो. आपल्या मित्राच्या प्रकरणात पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की टाइल्सच्या कंपनीचा वाहतूक विमा होता का, आणि असल्यास त्यावर दावा केला का. कित्येकदा माल कंपनीच्या विम्यातून भरून निघालेला असतो आणि तरीही तीच रक्कम ट्रान्सपोर्टर गाडीवाल्याच्या भाड्यातून कापून घेतो, कारण गाडीवाला विचारत नाही.

येथे एक धोका आपण समजून घेतला पाहिजे. मालाच्या मालकाला भरपाई दिल्यावर विमा कंपनीला त्या मालकाचे अधिकार मिळतात आणि ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून ती रक्कम वसूल करू शकते. म्हणून ‘माल विम्यात आहे, घाबरू नको’ असे कारखान्याच्या गेटवर कोणी सांगितले, तर ते मालकापुरते खरे असते, आपल्यापुरते नव्हे. काही महिन्यांनी त्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आपल्या घरी येऊ शकते. याला उपाय आहे. मालाच्या विम्यात वाहतूकदारावर वसुली न करण्याची अट घालता येते. मोठ्या कारखान्यांच्या विमा विभागाला ही गोष्ट नवी नसते. आपण एकट्याने मागितली तर कोणी ऐकणार नाही कदाचित, पण ट्रान्सपोर्टरकडे नियमित लागणाऱ्या गाड्यांनी मिळून मागितली, तर ती मान्य होण्यासारखी आहे.

कायद्याने कोणावर किती जबाबदारी येते, हेही मित्राला सांगा. वाहतूकदारांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार, ज्याने बिल्टी (मालाच्या वाहतुकीची पावती) दिली, म्हणजे ज्याने मालकाकडून माल वाहतुकीसाठी स्वीकारला, तो मालकाला उत्तर देणारा पहिला माणूस आहे. मालकाला त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, ही वाहतूकदाराला जड जाणारी गोष्ट. परंतु माल देताना मालकाने जास्त जोखमीचा दर मान्य करून किंमत जाहीर केलेली नसेल, तर जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. त्या फेरीचे भाडे ६,००० रुपये असेल, तर मर्यादा ६० हजारांची होते, १ लाख ४० हजारांची नव्हे. दावा लावण्यापूर्वी माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, हीदेखील अट आहे. आपल्या मित्राने बिल्टीची प्रत मागावी, त्यावर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे लिहिले आहे की नाही आणि किमतीचा रकाना भरलेला आहे की कोरा, हे पाहावे, आणि नुकसान मान्य असल्याच्या कोणत्याही कागदावर तोवर सही करू नये. अडवलेल्या भाड्याची मागणी स्वतंत्रपणे, फेऱ्यांच्या तारखांसह लेखी करावी. ते पैसे त्याच्या आधीच्या कामाचे आहेत आणि या वादाचा तगादा म्हणून ते अडवणे योग्य नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला मोफत वकील मिळू शकेल.

आपल्या स्वतःच्या बाबतीत, ट्रान्सपोर्टरकडून एका पानाचे लेखी पत्र घ्या. मालाचा विमा कोण उतरवणार, फुटतुटीची रक्कम गाडीवाल्याकडून कोणत्या परिस्थितीत आणि कमाल किती घेणार, आणि ती ठरेपर्यंत इतर फेऱ्यांचे भाडे अडवणार नाही, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. पत्र देण्यास तो तयार नसेल, तर निदान व्हॉट्सॲपवर या तीन गोष्टी आपण लिहून पाठवाव्यात आणि त्याचे उत्तर जपून ठेवावे. एकट्या गाडीसाठी दायित्वाची पॉलिसी आपल्याला सहज मिळेल असे मला वाटत नाही. ट्रान्सपोर्टरच्या पॉलिसीत त्याने भाड्याने लावलेल्या गाड्याही धरल्या आहेत का, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.

बेळगावच्या भाजीचे गणित सोपे आहे. तिथे बिल्टी नसते, व्यवहार ओळखीवर चालतो, आणि टोमॅटो घाटात तीन तास अडकून मऊ पडले तर उशिरामुळे झालेले किंवा मालाच्या मूळ नाशवंतपणामुळे झालेले नुकसान कोणताच सामान्य वाहतूक विमा देत नाही. व्यापाऱ्याशी तोंडी का होईना, पण स्पष्ट ठरवून ठेवा की रस्ता बंद पडल्यास नुकसान त्याचे.

त्या मुलाविषयी आपण विचारलेत, याचे मला समाधान वाटले, कारण बहुतेक पत्रांत तो कुठेच नसतो. रोजंदारीवर असला तरी कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली त्याची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्यावर येते. भरणी करताना खोके अंगावर पडले, फाळक्यावरून पाय निसटला किंवा गाडी उलटून तो दगावला, तर ती रक्कम लाखांत जाऊ शकते. मोटार पॉलिसीत यासाठी जादा हप्ता भरून घ्यायच्या जोडतरतुदी आहेत, त्या ‘आयएमटी’ या क्रमांकांनी ओळखल्या जातात. पगारी चालक व क्लीनर यांच्यासाठी आयएमटी २८ आणि भरणी-उतरणी करणाऱ्या माणसांसाठी आयएमटी ३९-ए. त्यांचा हप्ता माणशी साधारण पन्नास रुपये असतो, आणि एवढ्या पैशांत एवढे मोठे ओझे उतरवणारी दुसरी कोणतीही गोष्ट आपल्या पॉलिसीत नाही. पॉलिसीवर माणसांची संख्या लिहिलेली असली पाहिजे. ‘शून्य’ असेल तर आजच एजंटला फोन करून ती वाढवून घ्यावी आणि दुरुस्तीचा छापील कागद मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. मुलाला दिलेल्या रोजाची नोंद एका वहीत त्याच्या सहीनिशी ठेवावी, कारण तो आपल्याकडे कामाला होता हे दाखवण्यासाठी नंतर दुसरे काही हाताशी नसते. त्याचे वय अठरा पूर्ण आहे ना, हेही पाहावे.

मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालाबरोबर केबिनमध्ये बसला असेल, तर कायद्याने त्याला संरक्षण आहे. गावातल्या कोणाला जत्रेला सोडण्यासाठी मागच्या हौद्यात बसवले, तर नाही. अशा प्रवाशांची भरपाई मालवाहू गाडीच्या विम्यातून मिळत नाही आणि ती थेट गाडीच्या मालकाच्या, म्हणजे आपल्या पत्नीच्या डोक्यावर येते. माणुसकी म्हणून नाही म्हणणे जड जाते हे मी समजतो, तरीही नाही म्हणावे.

लायसन्सची भीती मनातून काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, एलएमव्ही लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाचे वाहतूक वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. फक्त लायसन्सची मुदत संपू देऊ नका. आपल्या गाडीला ३,००० किलोंच्या आतली असल्यामुळे परमिटही लागत नाही. पासिंगचे, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे, प्रमाणपत्र मात्र लागते, आणि ते संपलेले असताना अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आपणच कारण देतो. जादा भाराचेही तसेच. दंड तर आहेच, शिवाय अशा दाव्यात कंपनी रक्कम कापून देते किंवा नाकारते.

शेवटचा प्रश्न पैसे वाचवण्याचा. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरांनुसार ७,५०० किलोंपर्यंतच्या चारचाकी मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता, कराखेरीज, १६,०४९ रुपये आहे आणि तो सरकारने ठरवलेला असल्यामुळे कोणत्याही कंपनीत गेलात तरी कमी होत नाही. आपण वाचवाल ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागातले, आणि तो भाग तुलनेने लहान असतो. उद्या ही पिकअप दरीत गेली तर नवीन कर्ज न काढता दुसरी घेता येईल एवढी शिल्लक आपल्याजवळ असेल, तर तो भाग जरूर सोडा. तशी शिल्लक नसेल तर कर्ज फिटल्यानंतरची पहिली काही वर्षेच सर्वांत नाजूक असतात, कारण आतापर्यंत वित्तसंस्था विम्याचा आग्रह धरत होती, तो आग्रह धरणारे आता कोणी उरत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर अन्यत्र वाचवावेत. पत्नीच्या नावाने भरला जाणारा निरुपयोगी मालक-चालक हप्ता थांबवा आणि तेवढीच रक्कम स्वतःच्या अपघात पॉलिसीकडे वळवा. बारीकसारीक खरचट्यांचे दावे करू नका, कारण दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि एका दाव्याने ती शून्यावर येते. गाडीची जाहीर किंमत कमी लिहून हप्ता उतरवण्याचा सल्ला एजंट देतात, तो मानू नका. गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम त्या आकड्यापेक्षा जास्त असत नाही.

उलट एक खर्च मी वाढवायला सांगेन. व्यावसायिक गाड्यांच्या पॉलिसीत बंपर, मडगार्ड, बॉनेट, दिवे, टायर आणि त्या भागाचा रंग हे गाडी पूर्ण नष्ट झाल्याखेरीज वगळलेले असतात. ते हवे असतील तर आयएमटी २३ ही जोडतरतूद घ्यावी लागते आणि तिच्यासाठी नुकसानीच्या हप्त्यावर १५ टक्के जादा भरावे लागतात. घाटात समोरून आलेल्या ट्रकला जागा देताना गाडी कडेच्या दगडाला घासली, डावा दिवा फुटला, मडगार्ड आत गेले आणि बंपर लोंबकळू लागला, असे नुकसान आपल्या वाट्याला येण्याची शक्यता सर्वाधिक, आणि नेमके तेच या तरतुदीशिवाय मिळत नाही. रबर, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा तरीही कापला जाईल, हे धरून चाला. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी आत गेलेले इंजिन चालू करून जे बिघडते, ते नुकसान कंपन्या देत नाहीत.

अपघात झालाच तर गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्या, त्यात गाडीचा नंबर आणि रस्ता दोन्ही दिसू द्या, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. कोणी जखमी असेल किंवा माल मोठ्या प्रमाणावर फुटला असेल तर पोलिसांकडून पंचनामा करून घ्या, कारण मालाच्या वादातही तोच कागद आपल्या बाजूने बोलतो. दावा चुकीच्या कारणाने नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते, तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाचा १५५२५५ हा मोफत क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

पॉलिसी संपण्याच्या तारखेआधी महिनाभर एजंटला बोलावून चार गोष्टी त्याच्याकडून लिहून घ्या: माणसांची संख्या, आयएमटी २३, गाडीची जाहीर किंमत आणि मालक-चालक विम्यासमोरचे नाव. मुदत संपल्यावर एक दिवसही गाडी रस्त्यावर काढू नका, आणि ९० दिवस उलटू दिलेत तर साठलेली सवलतही जाईल. नूतनीकरणाच्या वेळी पत्नीलाही समोर बसवा. गाडी त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची आहे, आणि प्रसंग आलाच तर कागद शोधत धावपळ त्यांनाच करावी लागणार आहे.